एका हाताच्या शिरा

पेल्टो रोड, १४ जानेवारी

तैमी,

हे पत्र आधी तुझ्या वर्नरच्या हाती लागलं तर त्याला सांग, यात चर्चबद्दल एक अक्षर नाही. त्याने खुशाल चष्मा काढून ठेवावा.

तुला कुणीतरी सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. नोव्हेंबरात माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढली. तिच्यासोबत काखेतल्या ग्रंथीही काढल्या. काल केमो सुरू झाली. मी गावात 'पोटाचं काहीतरी' म्हणून सांगत आले. आपल्याकडे पोटाचं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, ही सोय चांगली आहे.

मला काही नकोय. डबा नको, चौकशी नको. प्रार्थना करायचीच असेल तर कर, ती कुठल्या हॉलमधून निघाली हे वरचा बघत नसावा. (हे चर्चबद्दल झालं. खोडत नाही, कागद खराब दिसतो.)

गंमत सांगते. तिथे मोठ्या आरामखुर्च्या आहेत, खिडकीतून पार्किंग आणि बर्फाचे ढीग दिसतात. माझी नर्स जोलीन. आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची, आपल्यासारखी फिन नाही, पुलापलीकडची आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी एकेरीवर आली. म्हणाली, "हात दे बघू." मी डावा पुढे केला. "तो नाही, राणी! तो आता जन्मभर सुईला बंद. काखेतलं काढलंय ना? तिकडे टोचलं तर हात सुजून खांबासारखा होईल. उजवा आण."

उजवा दिला. इतकी वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारचारशे पोरांचं रस्सा-बटाटं ढवळलेला हात. तिने बाही वर केली आणि खूश झाली. मग पट्टा बांधला, चापटी मारली, बोटांनी चाचपलं, आणि तिचा चेहरा पडला. "एवढा दणकट हात, आणि शिरा कुठे लपवून ठेवल्यात गं?"

पहिली शीर सुई लागताच बाजूला सरकली. दुसरी फुटली. त्यांचा नियम आहे, एका नर्सने दोनदाच टोचायचं, मग दुसरीला बोलवायचं. दुसरी आली ती वाळकी, अबोल. तिने मनगटाच्या कडेला एक केसाएवढी शीर शोधली आणि एकदाचं सलाईन चालू झालं.

पहिलं औषध लाल आहे, सरबतासारखं. ते सलाईनच्या बाटलीतून सोडत नाहीत. जोलीन समोर स्टूल घेऊन बसते आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू हाताने ढकलते. मधे मधे मागे ओढून रक्त येतंय ना ते बघते, कारण ते शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. तोवर मी बर्फाची कांडी चोखत बसायची, म्हणजे तोंड सोलत नाही. जानेवारीत! हे लाल औषध अजून तीनदा घ्यायचंय. जोलीन म्हणाली, "तुझ्या गाठीला तेच लागू आहे. शिरा टिकल्या पाहिजेत, बस्स."

मला तुझे हात आठवले. तुझ्या शिरा कशा दोरीसारख्या वर असायच्या, आणि नाचाला जाताना तू हातमोजे घालून लपवायचीस. आई म्हणायची, एकीला लाकूडतोड्याचे हात आले आणि दुसरीला लाकूडतोड्याची जीभ.

एवढंच. बरी आहे. गाडी मीच चालवत गेले आणि आले.

इर्या

पेल्टो रोड, २८ जानेवारी

तैमी,

तुझं उत्तर आलं नाही, ते मी अपेक्षिलंही नव्हतं. तरी टपालपेटीपर्यंत रोज जाते, कारण डॉक्टर म्हणतात थोडं चालायला हवं.

केस गेले. माझ्या एडची शिकारीची टोपी घालते, कानांवर फडके असलेली. आरशात बघितलं की वाटतं, तोच परत आलाय आणि पुन्हा दाढी करायला विसरलाय.

काल दुसरी वेळ झाली. चारदा टोचलं. जोलीनने दोनदा, वाळकीने दोनदा. आधी गरम टॉवेलात हात गुंडाळून ठेवला, मग खुर्चीखाली लोंबकळत सोडायला लावला, मग रबरी चेंडू दाबायला दिला. मला वाटलं आता गायलाही लावतील. शेवटी अंगठ्याच्या बुडाशी मिळाली. जोलीनने लाल औषध इतकं हळू ढकललं की तिच्या कपाळावर घाम आला. ती एरवी अखंड बडबडते, पण तेवढा वेळ एक शब्द बोलली नाही. मला तेव्हा भीती वाटली, ती चारदा टोचल्याने वाटली नव्हती.

मग तिने उपदेशांची माळ ओवली. आदल्या दोन दिवसांपासून पाणी पी. अंग गरम ठेव. जाड मिटन हातमोजे घालून ये. आणि कॉफी सोड, ती पाणी खेचून घेते. मी म्हटलं, "शिरा सोडेन, कॉफी नाही सोडणार."

"शिरांनी तुला आधीच सोडलंय," ती म्हणाली.

तेव्हा तिने पोर्टचं काढलं. कॉलरच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात. तिची नळी आतल्या मोठ्या शिरेत जाते. मग हात कुणी बघतच नाही, दर वेळी सुई थेट त्या डबीत. शेजारच्या खुर्चीत मिस्टर ऑडेट असतात, सरोवराच्या काठचे म्हातारे फ्रेंच. त्यांना ती आहे. त्यांनी शर्टाची दोन बटणं काढून मला कातडीखालचा उंचवटा दाखवला. म्हणाले, "बाई, माझं लग्न झालेलं आहे, गैरसमज नको."

मी नको म्हणाले. कारण विचारलं तर म्हटलं, माझ्या छातीत आधीच पुरेशी उलथापालथ झालीये, आता तिथे डबा ठेवायचा नाही.

कारण ते नाही. तुला लिहिताना खोटं कशाला, तू काही उत्तर देणार नाहीस. पोर्ट बसवताना गुंगीचं औषध देतात. त्या दिवशी एकटं आलेल्या माणसाला ते आत घेतच नाहीत. सोबत कुणीतरी यायला हवं, पूर्ण वेळ बाहेर बसायला हवं, आणि नंतर घरी घेऊन जायला हवं. जिल्ह्याची म्हाताऱ्यांची व्हॅन चालत नाही, मी विचारलं. जोलीन म्हणाली, "ड्रायव्हर नको. आपलं माणूस हवं. कोण आहे तुझं?"

मी म्हटलं, बहीण आहे. जवळच राहते.

त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

इर्या

पेल्टो रोड, ४ फेब्रुवारी

तैमी,

शनिवारी दुकानात तू मला पाहिलंस. पाहिलं नाही म्हणू नकोस. मी गल्ल्यापाशी मिटन काढला होता आणि माझा हात काळानिळा होता, मनगटापासून कोपरापर्यंत, कडेने पिवळा पडलेला. तू त्या हाताकडे बघितलंस, मग टोपीकडे, आणि मग बटाट्यांच्या पोत्यांकडे वळलीस. तुझ्या ढकलगाडीत आधीच एक पोतं होतं.

मला राग आला नाही. खोटं. आला. घरी येऊन पिशवीतलं सामान लावेपर्यंत तुला काय काय ऐकवलं ते तुला कळलं नाही, हे बरंच झालं.

मग रेडिओ लावला. तो हल्ली दिवसभर चालू असतो, नाहीतर फ्रिजचा आवाज ऐकत बसावं लागतं. हवामान सांगणाऱ्याशी मी बोलायला लागलेय. तो म्हणतो, रात्रीतून फूटभर बर्फ. मी म्हणते, पाडा बाबा, आमच्याकडे कोण यायचं अडणार आहे.

सहा वर्षं झाली. कुणाच्या उपदेशात नियम जास्त आणि कुणाच्या उपदेशात कृपा जास्त, यावरून तीस घरं उठून रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये गेली, आणि सगळ्यांत पुढे खुर्च्या उचलून नेणारा तुझा वर्नर. तो मला आता 'देवाची शांती' म्हणत नाही, नुसतं 'हॅलो' म्हणतो, टपालवाल्याला म्हणतात तसं. तू तेही म्हणत नाहीस. एड गेला तेव्हा तुमची माणसं दफनाला आली, मागे उभी राहिली, आणि कॉफी न घेता निघून गेली. आपल्या लोकांत दफनानंतर ठेवलेली कॉफी कुणी नाकारतं का? त्या दिवशी मी वेलची घालून निसूचे पाच गोड पाव भाजले होते. ते मी वसंतापर्यंत फ्रीजरमधून काढून खात होते.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. मी फक्त हे सांगणार होते की माझ्याकडच्या हॉलमध्ये आता अकरा म्हातारी माणसं उरलीत. त्यातल्या दोघांनाच गाडी चालवता येते, आणि तीही दिवसाउजेडी आणि बर्फ नसताना. त्यांना मी काय सांगू? म्हणून मी जोलीनला तुझं नाव सांगितलं. नाव विचारलं तिने, मी सांगितलं. तैमी. तिने ते पाटीवर खडूने लिहिलं, माझ्या नावाखाली. आता दर वेळी मी तिथे बसेन आणि समोर तू असशील.

इर्या

पेल्टो रोड, ११ फेब्रुवारी

तैमी,

काल मी माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा मूर्खपणा केला. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू? दुसऱ्या कुणाला यातलं हसू कळणार नाही.

एड गेल्यापासून मी सौना तापवलेली नाही. न्हाणीघरात शॉवर घेते. एकटीसाठी लाकडं फोडायची, तीन तास शेगडी पेटती ठेवायची, आणि मग त्या फळीवर एकटीने बसायचं, हे मला जमत नाही. शनिवारी धुराड्यांतून धूर निघालेला दिसला की मी पडदा ओढते.

पण सोमवारी जोलीनचं म्हणणं डोक्यात घोळत होतं. अंग गरम ठेव, शिरा वर येतात. आणि मला आठवलं, सौनाच्या वरच्या फळीवर बसलं की हातांवरच्या शिरा कशा टरारून फुगायच्या. तुझ्या तर इतक्या, की मी त्यांवर बोट फिरवून तुला चिडवायचे. मग काय! मंगळवारी सकाळी उठून मी सौना तापवली. मंगळवारी सकाळी! आईने ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

तैमी, किती छान वाटलं. दगडांवर पाणी टाकलं, वाफ आली, आणि डोक्याला केस नसल्यामुळे ती थेट कवटीला लागली. नवीनच प्रकार. खालच्या फळीवर कुणी नव्हतं, तरी सवयीने मी 'अजून टाकू का?' असं विचारलंच. थोडा वेळ बसून हाताकडे बघितलं तर शिरा! निळ्या, फुगलेल्या, एक सोडून चार. मला वाटलं, आत्ता जोलीन इथे हवी होती. मी आणखी पाणी टाकलं. आणखी बसले. घाम निथळत होता आणि मी मनात म्हणत होते, आता बघा गंमत.

मग अंग पुसलं, एक कप कॉफी घेतली (हो, घेतली), आणि तीस मैल गाडी चालवत गेले.

हॉस्पिटलच्या दारात भिंत धरली. आत जाऊन बसले तर छत फिरायला लागलं. जोलीनने रक्तदाब घेतला आणि ओरडली. पट्टा बांधला, चापट्या मारल्या, टॉवेल गुंडाळला. हातावर काही नाही. एक रेघ नाही. सपाट, बर्फ पडलेल्या शेतासारखा.

"काल पाणी किती प्यायलीस?"

"सांगितलं होतंस तेवढं."

"मग गेलं कुठे ते?"

मी सांगितलं. तिने पट्टा खाली ठेवला. "म्हणजे तू दोन दिवस पाणी पिऊन अंगात भरलंस, आणि आज सकाळी भट्टीत बसून ते सगळं काढून टाकलंस?"

"शिरा वर आल्या होत्या," मी म्हटलं. "तू असतीस तर दिसल्या असत्या."

मिस्टर ऑडेट इतके हसले की त्यांच्या सलाईनचा खांब हलायला लागला. "या फिन लोकांना नरकात टाका. म्हणतील, जरा लाकडं आणखी घाला, अजून तापलं नाही."

मलाही हसू आलं. सगळे हसले, ती वाळकीसुद्धा. तेवढी पाच मिनिटं मला आजारी असल्यासारखं वाटलं नाही.

मग त्यांनी टोचायला सुरुवात केली आणि हसू थांबलं. एकदा मिळाल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी नुसतं मिठाचं पाणी सोडून बघितलं. शीर फुटली. हाताची पाठ माझ्या डोळ्यांदेखत फुगून आलेल्या कणकेसारखी वर आली. जोलीन हळूच म्हणाली, "नशीब, लाल नव्हतं." तिने लाल औषध परत पाठवलं. काल मला ते मिळालं नाही.

डॉक्टर येऊन गेले. या हातातून लाल औषध आता द्यायचं नाही, म्हणाले. पोर्ट बसवा, नाहीतर ते औषध बंद. मी विचारलं, बंद केलं तर? ते म्हणाले, तर आपण अर्धवट उपाय केला असं होईल, आणि गाठ परत आली तर मला आश्चर्य वाटणार नाही. सरळ माणूस आहे. मला आवडला नाही.

पुढच्या गुरुवारची वेळ दिलीये. जोलीनने पाटीवर बघितलं आणि विचारलं, "तैमी येईल ना?"

मी म्हटलं, येईल. सध्या तिला फ्लू झालाय.

इर्या

पेल्टो रोड, १४ फेब्रुवारी

तैमी,

काल मिस्टर ऑडेटचा फोन आला. त्यांना जोलीनने काही सांगितलं नसेल, पण तो म्हातारा डोळे मिटून सगळं ऐकत असतो. म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीचा फ्लू लांबला तर माझी सून येईल गुरुवारी. बसेल, तुम्हाला घरी सोडेल. चांगली मुलगी आहे, फक्त बोलते फार."

मी म्हटलं, आभारी आहे, पण माझी बहीण येणार आहे.

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. का नाही म्हणाले मी? मला सोडायला कुणीतरी हवं होतं, कुणीतरी मिळालं होतं. दुसरी शहाणी बाई असती तर तिने त्या सुनेसाठी पाव भाजायला घेतला असता.

पण गुंगीतून जागी झाल्यावर डोळे उघडेन तेव्हा समोर मिस्टर ऑडेटची सून बसलेली नको आहे मला. एवढंच आहे ते. हट्ट म्हण, माज म्हण. मला कुणीतरी नकोय, तैमी.

तर आता सरळ विचारते. गुरुवार. सकाळी सात. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूचं दार, जिथे बर्फ आधी काढतात. आत येऊन नाव सांगायचं आणि बसायचं. मासिकं आहेत, कॉफी आहे, वाईट आहे पण गरम आहे. साधारण दुपारपर्यंत संपतं. मग मला पेल्टो रोडवर सोडायचं. बोलावं लागत नाही, तशी अट नाही. चर्चबद्दल मी तोंड उघडणार नाही, आणि गुंगीत उघडलंच तर ते धरू नकोस.

आदल्या संध्याकाळी मी व्हॅनने जाईन, हॉस्पिटलशेजारच्या मोटेलात राहीन. म्हणजे येताना तुला माझ्या दारात यायला नको, कुणाला दिसायला नको.

तू आली नाहीस तर ते मला परत पाठवतील. मग लाल औषध बंद. मी घरी येईन आणि जे होईल ते होईल. मी तुझ्यावर ढकलत नाहीये. ढकलतेच आहे, पण दुसरं कुणाच्या अंगावर ढकलू?

मला भीती वाटते. सुईची नाही. सात वाजता त्या दारात एकटी उभी राहून 'बहीण येईलच' असं सांगत राहायची.

इर्या

पेल्टो रोड, २२ फेब्रुवारी

तैमी,

टाके उजवीकडे आहेत, तो हात अजून खांद्याच्या वर उचलवत नाही, म्हणून अक्षर असं. वाचता येत नसेल तर सोडून दे, तुला सगळं माहीतच आहे. तरी लिहिते, कारण गाडीत आपण बोललो नाही.

सात वाजले. सव्वासात वाजले. गाऊन घालून, पाय उघडे, मी त्या लोखंडी पलंगावर बसले होते. जोलीन तिचं काम सोडून खाली आली होती. ती दर दोन मिनिटांनी दाराकडे बघायची आणि मी छताकडे. शेवटी ती म्हणाली, "इर्या, मी फोन लावू का तिला?" मी म्हटलं, रस्ते वाईट आहेत, येईल. तिने माझा हात धरला. तेव्हाच मला कळलं, फ्लूवर तिचा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

आणि दारात वर्नर उभा. टोपी हातात, बुटांना बर्फ, मला बघून म्हणाला, "हॅलो."

माझ्या तोंडून निघालं, "तू काय करतोयस इथे?"

"बसायला आलोय," तो म्हणाला. "कुठे बसू?"

"तैमी कुठाय?"

"ट्रकमध्ये."

"आत येत नाही?"

"मला विचारू नकोस. सकाळी पाचला उठून ट्रकमध्ये जाऊन बसली. मला वाटलं रागावलीय, म्हणून मी विचारायला गेलो, तर म्हणाली, चल. तेव्हापासून एक शब्द नाही." मग तो जोलीनकडे वळला. "मी हिच्या बहिणीचा नवरा. सही कुठे करायची?"

मला आत नेलं तेव्हा तो कोपऱ्यात बसून शिकारीचं मासिक उलटं धरून वाचत होता. मी त्याच्याबद्दल सहा वर्षांत जे बोलले त्यातलं काही मागे घेत नाही. पण तो बसला. बाहेर आणताना बघितलं, तर तिथेच होता आणि मासिक सुलटं झालं होतं.

जोलीन मला चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत घेऊन आली. ट्रक लावलेला होता. तू पुढच्या लांब सीटवर मधोमध बसली होतीस, समोर बघत. इंजिन बंद, काचेवर आतून बर्फ जमलेला. म्हणजे तू सकाळपासून तिथेच होतीस, आणि हीटरही लावला नव्हतास. जोलीनने दार उघडलं, तुझ्याकडे नीट बघितलं, आणि विचारलं, "तू तैमी? फ्लू बरा झाला का?"

मी मान खाली घातली. तू समोर बघतच म्हणालीस, "हो. आता बराय."

तेवढंच बोललीस तू दिवसभरात. पण माझी पत्रं वाचल्याशिवाय ते बोलता आलं नसतं.

मी तुझ्या उजवीकडे, दाराच्या बाजूला बसले. वर्नरने पट्टा ओढून लावला, आणि तो नेमका उजव्या खांद्यावरून, त्या ताज्या टाक्यांवरून आला. मी ओरडले नाही. दात आवळले. वर्नरने बघितलं नाही, तो गाडी फिरवत होता. मग तुझा हात आला. तू मिटन काढलास, पट्ट्याखाली बोटं घातलीस आणि तो माझ्या अंगापासून वर उचलून धरलास. मला वाटलं, वळणापुरतं. पण तू सोडलाच नाहीस. तीस मैल. खड्डे आले, बर्फ हटवणाऱ्या गाडीमागे अडकलो, तरी तुझा हात तसाच. शेवटी शेवटी तू दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिलास. तू माझ्याकडे बघितलं नाहीस आणि मीही नाही. मी तुझ्या हाताकडे बघत होते. शिरा अजून तशाच आहेत गं.

मला तेव्हा खूप रडू आलं होतं. गुंगीमुळे असेल असं तुला वाटलं असेल, तर ते तसं नव्हतं.

दारापर्यंत वर्नर आला. त्याने लाकडं आत आणून ठेवली, न सांगता. तू उतरली नाहीस. मी दिवा लावला तोवर ट्रक उभा होता, मग गेला. मी स्वयंपाकघरात बसले, अंगावरचा कोट तसाच, आणि घर इतकं गप्प होतं की मला रेडिओ लावायचंही सुचलं नाही. सहा वर्षांत एवढं एकटं वाटलं नव्हतं, जेवढं तुझा ट्रक वळणावरून गेल्यावर वाटलं. आधी वाटायचं, कुणी नाही. आता माहीत होतं, कोण नाही.

पोर्ट चांगली बसली आहे. येत्या मंगळवारी तिच्यातून लाल औषध देतील. त्या दिवशी गुंगी नसते, म्हणून सोबत लागत नाही. मी एकटी जाऊ शकते. आणि मी पाहून ठेवलंय, आपणच चालवत असलो की डावीकडे बसतो, आणि पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, जखमेला लागत नाही. म्हणजे कुणी काही धरायची गरजच नाही.

तरी मला त्या बाजूला नाही बसायचं, तैमी. मला उजवीकडेच बसायचंय.

इर्या